चुन्याची निवळी

विश्वंभर सरांना पोरांनी आ वासलेला बघायला फार आवडायचं. उकडलेलं अंडं बाटलीच्या तोंडातून आत गेलं की पोरं आ वासायची, पाण्याचा ग्लास पुठ्ठा लावून उलटा धरला आणि थेंबही सांडला नाही की पुन्हा आ वासायची. सर मग मिशीतल्या मिशीत हसत खडू तळहातावर उडवत राहायचे. वसमतकडच्या हट्ट्यापासून आठ-नऊ किलोमीटरवरच्या त्या गावात मास्तर कितीतरी आले आणि बदली करून घेऊन गेले, पण 'प्रयोगवाले सर' म्हणून नाव झालं ते एकट्या विश्वंभर सरांचं.

आणि हे नाव त्यांनी कष्टानं कमावलं होतं, खोटं कशाला बोला. एका संस्थेनं तालुक्यातल्या काही शाळांना विज्ञान पेट्या दिल्या होत्या. बाकीच्या शाळांत त्या कपाटावर धूळ खात पडल्या, सरांची पेटी मात्र रोज उघडायची. चौथीच्या बावीस लेकरांनी आपल्या हातानं सुईचं होकायंत्र केलं, हरभऱ्याला मोड आणून त्याचं मूळ कुठून फुटतं ते पाहिलं, मुंगीचे पाय भिंगाखाली मोजले. वर्गाच्या भिंतीवर सरांनी निळ्या ऑइलपेंटनं स्वतः लिहिलं होतं, विज्ञान कधीच खोटं बोलत नाही. खाली तारीख टाकून सहीसुद्धा ठोकली होती, जणू काही शोध त्यांनीच लावला होता.

या बावीसांत सरांचा जीव होता शिलावर. ती तांड्यावरची. अंगानं काटकुळी, बोलायला कमी, पण हात असा स्थिर की थेंब मोजून टाकायचा म्हटलं की ड्रॉपर तिच्याच हातात जायचा. सरांनी प्रश्न विचारला की बाकीची पोरं उत्तरासाठी सरांच्या तोंडाकडे बघायची. शिला समोर ठेवलेल्या वस्तूकडे बघायची. एवढ्यावरूनच सरांनी ओळखलं होतं की या पोरीचं काहीतरी होणार. पाचवीत तिला नवोदयच्या परीक्षेला बसवायचं, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

अडचण एवढीच होती, की दिवाळी झाली की तांडा रिकामा व्हायचा. सगळी बिऱ्हाडं ऊसतोडीला कारखान्यावर जायची आणि पोरांची शाळा तिथंच सुटायची. यंदा शिलाचा बाप धर्मसिंग गेला, पण माय मिराबाई मागं राहिली, आणि ती राहिली ती सरांच्या शब्दावर. सर तीन वेळा तांड्यावर गेले होते. मिराबाईनं विचारलं, राहते, पण खायचं काय? तर त्यावरही सरांनीच तोड काढली. शाळा समितीचे अध्यक्ष उकंडराव यांच्या शेतात हळदच हळद. माघ-फाल्गुनात ती काढायला, शिजवायला, वाळवायला बाया लागतातच. मिराबाईनं तिथं लागावं, शिलानं सकाळी दोन-तीन तास मायच्या हाताखाली हळद वेचावी आणि दहाला शाळेत यावं. काम बी झालं, शाळा बी झाली. केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत सरांनी ही युक्ती दोनदा सांगितली आणि दोन्ही वेळा टाळ्या घेतल्या.

शिला रोज दहाला यायची, ती मनगटापर्यंत पिवळी होऊनच. नखांत, बोटांच्या पेरांत, तळहाताच्या रेषांत हळद मुरलेली. नुसत्या पाण्यानं ती जायची नाही आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लागणारच, म्हणून कुणी घासत बसायचं नाही. पोरं तिला नवरी म्हणायची. उकंडरावांची नात पुजा याच वर्गात होती, ती तर मधल्या सुट्टीत नवरदेव कधी यायचा म्हणून विचारायची. हळद तिच्याच आज्याची होती, हे तिच्या गावीही नव्हतं.

सोमवारी पेटीतलं मोठं भिंग सापडेना. पितळी कड्याचं, लाकडी मुठीचं, पेटीतली सगळ्यात देखणी वस्तू. त्यात पुढल्या पंधरवड्यात संस्थेच्या मॅडम शाळेला भेट द्यायला येणार होत्या. सरांनी पेटी उपडी केली, कपाट झाडलं, पोरांना विचारलं. सगळ्यांनी माना हलवल्या. कुणीतरी घेतलंय, हे सरांनी ठरवून टाकलं, आणि ज्यानं घेतलंय त्याला पकडायची एक नामी युक्ती त्यांच्या डोक्यात चमकली.

आदल्या आठवड्यात उच्छ्वासाचा प्रयोग झाला होता. पानाला लावतात तो चुना पाण्यात ढवळायचा, खाली बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी काढून घ्यायचं. ती चुन्याची निवळी. त्यात नळीनं फुंकर मारली की ती दुधासारखी होते. त्या निवळीची एक बाटली उरली होती. सरांनी ती परातीत ओतली, आणखी पाणी घातलं आणि पोरांना रांगेत उभं केलं. दिसायला ते साधं पाणी. सर म्हणाले, की या पाण्यात एक रसायन आहे, प्रत्येकानं उजवा हात बुडवायचा, ज्यानं भिंग घेतलं असेल त्याचा हात लाल होईल. होणार कुणाचाच नव्हता. ज्याच्या मनात पाप असेल तो हात घालायला कचरेल, एवढाच सरांचा डाव. त्यांनी बोट भिंतीकडं केलं आणि तिथलं निळं वाक्य सगळ्यांकडून मोठ्यानं वाचून घेतलं.

नेमके तेव्हाच उकंडराव शाळेच्या नळाचं काम बघायला आले होते. ते दारात येऊन उभे राहिले. बघणारा मिळाल्यावर सरांच्या आवाजाला आणखी धार चढली. एकेक हात बुडत गेला आणि कोरडा होत गेला. सर पोरांचे डोळे वाचत होते, ओठ वाचत होते, कोण गिळतंय, कोण थरथरतंय ते टिपत होते. हातांकडं त्यांनी बघितलंच नाही. हात बघायचे होते पोरांनी.

अकरावी शिला होती. ती मुळीच कचरली नाही. नेहमीसारखी वस्तूकडं बघत पुढं आली आणि हात मनगटापर्यंत आत घातला. बाहेर काढला तेव्हा तो लालभडक होता. पेरांत जास्त, नखांत तर रक्त साकळल्यासारखा.

बावीस लेकरांनी आ वासला.

सरांना त्याच क्षणी सगळं कळलं. हळद आणि चुना. पेटीतल्या चौदा नंबरच्या कार्डावर हाच प्रयोग छापलेला होता, पुढच्या आठवड्यात तो घ्यायचाच होता. हळदीचा डाग साबणानं लाल होतो हे गावातली कुठलीही बाई झोपेतसुद्धा सांगू शकली असती, पण त्या वर्गात त्या घडीला कपडे धुणारं एकही माणूस हजर नव्हतं. सरांनी तोंड उघडलं. एका वाक्याचं काम होतं.

तेवढ्यात दारातून उकंडरावांनी मांडीवर थाप मारली. "वा गुरुजी. याला म्हंतात इग्यान. पोलिसाला बी जमलं नसतं."

सरांचं उघडलेलं तोंड तसंच राहिलं. आता सांगायचं म्हणजे काय सांगायचं? पाणी खोटं होतं, रसायन खोटं होतं, भिंतीवरचं वाक्य मोठ्यानं म्हणवून घेऊन मी तुम्हाला बनवत होतो, आणि माझाच डाव माझ्या अंगावर आला. तेही अध्यक्षांसमोर. उद्या शांतपणे समजावून सांगू, असं सरांनी स्वतःला समजावलं. भ्याड माणसाला उद्याचा फार आधार असतो.

शिला आपल्या हाताकडं बघत होती. मग तिनं सरांकडं बघितलं, आणि असं ती सहसा करत नसे. "सर, मी घेतलं न्हाई," एवढंच ती म्हणाली. सरांनी तिला खाली बसायला सांगितलं. बाकीच्या अकरा जणांचे हात बुडवायची कुणाला गरजच वाटली नाही. शिला बसली तशी तिच्या शेजारची सपना सरकून भिंतीला चिकटली.

संध्याकाळी सर मोटारसायकलवर वसमतला घरी गेले. चहा होईपर्यंत खुर्चीत बसले, तर टीव्हीशेजारी, रिमोटच्या खाली, पितळी कडं चमकत होतं. बायको म्हणाली, हे तुमचं भिंग शनिवारपासून इथंच पडलंय, कोमलच्या टाचेतला काटा काढायला आणलं होतं ना तुम्ही. कोमल त्यांची मुलगी. काटा निघाला होता, टाच बरी झाली होती, आणि भिंग आणल्याचं सर साफ विसरून गेले होते.

चहा त्यांना गेला नाही. पण जेवण गेलं, हेही सांगायला हवं.

सकाळी ते नऊलाच शाळेत पोचले. सगळ्यांच्या आधी गुपचूप पेटीत भिंग टाकायचं, सापडलं म्हणून सांगायचं, विषय संपवायचा, असा बेत. शाळेच्या पायरीवर शिला बसलेली होती. आज ती हळदीवर गेली नव्हती. उकंडरावांनी काल सांजेलाच मिराबाईला सांगितलं होतं, की चोराचा हात माझ्या खळ्यात नको, उद्यापास्नं येऊ नको. मायनं पोरीला आधी बडवलं, मग पोटाशी घेतलं आणि नीट विचारलं. विचारल्यावर तिला उमगलं ते तिनं पोरीला सांगितलं.

शिला उठून उभी राहिली. हात तिनं फ्रॉकमागं धरले होते.

"सर, माय म्हणती हळदीनं झालं. लुगड्याला हळद लागली न् साबण लावला का असंच लाल व्हतं म्हणती. पर माय शिकलेली न्हाई. अन् भितीवर तर लिवलंय."

भिंग सरांच्या पँटच्या खिशात होतं आणि त्याची लाकडी मूठ मांडीला टोचत होती.

"काल मी समदं घर उलथंपालथं केलं. गोधड्या झाडल्या, पिठाचा डबा बी बघितला. न्हाई सापडलं." तिनं हात पुढं आणून बघितला. "सर, माणसाला कळल्याबिगर चोरी व्हती का?"

असा प्रश्न सरांना आजवरच्या नोकरीत एकाही पोरानं विचारला नव्हता. समोरच्या वस्तूवर विश्वास ठेवणारी पोरगी स्वतःच्या मनावरचा विश्वास गमावून त्यांच्यापुढं उभी होती, कारण त्यांनी शिकवलेलं ती मनापासून शिकली होती. खिशात हात घालून ते भिंग तिच्या तळहातावर ठेवलं असतं तरी पुरे होतं. सरांना रडू येईल की काय असं वाटलं. ते म्हणाले, "जा, परसातल्या झाडांना पाणी घालून ये." ती गेली. सांगितलेलं काम ती नेहमीच नीट करायची.

तेवढ्या वेळात सरांनी पेटी उघडून भिंग तळाशी, चुंबकांच्या खाली ठेवलं.

प्रार्थना झाल्यावर त्यांनी पोरांसमोर पेटी तपासली आणि भिंग वर धरलं. पेटीतच होतं, खाली दबलं होतं, काल आपल्याला दिसलं नाही, असं ते सांगून मोकळे झाले. आवाज शक्य तितका हलका ठेवला. पोरांनी एकमेकांकडं बघितलं. काल हीच पेटी सरांनी त्यांच्यादेखत उपडी केली होती.

पुजानं हात वर केला. "सर, भ्यानं आणून ठिवलं तिनं. समद्यांच्या आदी तीच आलती सकाळी. मी बघितलं."

सर नाही नाही म्हणाले, पण ते असं म्हणाले, की त्यातून व्हयच ऐकू यावं. शिला भिंगाकडं बघत होती. आपण ते कधी आणलं आणि कधी ठेवलं, ते ती आठवायचा प्रयत्न करत होती.

दुपारी मिराबाई शाळेत आली. पदर खोचलेला, हात अजून कोपरापर्यंत पिवळे. तिच्या मागोमाग उकंडरावही आले, बाई शाळेत तमाशा करते की काय ते बघायला. मिराबाईनं तमाशा केला नाही. ती वर्गाच्या दारातच थांबली आणि सरळ सरांशी बोलली.

"गुरुजी, मी तुमच्या शब्दावर राहिली. मालक एकटा कोयता घिऊन गेला, जोडी मोडली आमची. का, तर पोरगी शिकंल. आता तुमी एकच सांगा. हळदीला चुना लागला का लाल व्हतं का न्हाई? कुकू कशाचं करत्यात? हे मला कळतंय न् तुमाला कळंना व्हय?"

उकंडरावांनी सरांकडं बघितलं. त्यांनाही खरंच जाणून घ्यायचं होतं, कारण त्यांनी आयुष्यात कधी स्वतःचा शर्ट धुतला नव्हता. "गुरुजी, तुमी शिकलेले मानूस. बाई म्हणती ते बराबर हाय का? असंल तर सांगा. मी आत्ता कामावर घेतो तिला."

यापेक्षा सोपी वाट कुणी कुणाला करून दिली नसेल. एक व्हय म्हणायचं होतं. पण व्हय म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, मग काल काहून बोलला न्हाई? आणि त्याच्या पुढचा, मग भिंग कुठं व्हतं? सर ती पायरीपायरीची उतरण डोळ्यांनी उतरून आले आणि तळाशी त्यांना स्वतःची टीव्हीशेजारची खुर्ची दिसली. बावीस लेकरं ऐकत होती.

ते मऊ आवाजात म्हणाले, "मिराबाई, वस्तू परत मिळाली आहे. लहान लेकरू आहे. मी तिला माफ केलंय."

मिराबाईला काय कळायचं ते कळलं. ती वर्गात आली, शिलाचं दप्तर उचललं, त्यातली पुस्तकं शाळेची म्हणून बाकावर काढून ठेवली आणि रिकामं दप्तर घेऊन पोरीला चालवत बाहेर गेली. जाताना शिला वळून सरांना म्हणाली, "पुन्यांदा न्हाई करणार, सर."

दुसऱ्या दिवशी मायलेकी कारखान्याकडं जाणाऱ्या ट्रॅक्टरवर बसून गेल्या. कोयत्यामागं मोळ्या बांधायला नऊ वर्षांचे हात चालतात, त्यात स्थिर हात असतील तर उत्तमच.

पंधरा दिवसांनी प्रियदर्शनी मॅडम आल्या. संस्थेच्या उत्साही बाई, गळ्यात ओळखपत्र, तोंडात सारखं 'करून बघूया'. पेटी पूर्ण भरलेली बघून त्यांनी सरांचं कौतुक केलं. कुठला प्रयोग राहिलाय म्हणून विचारल्यावर सर चाचरले, पण मॅडमनी कार्डं स्वतःच चाळली आणि चौदा नंबरचं बाहेर काढलं. कुणाच्या तरी घरून वाटीभर हळद आली. परातीत चुन्याची निवळी ओतली गेली. परात तीच होती.

मॅडम म्हणाल्या, "चला, सगळ्यांनी हाताला हळद लावा आणि या पाण्यात बुडवा."

एकही हात पुढं आला नाही. पोरांनी हात काखेत घातले, मांडीखाली दाबले. मॅडमना वाटलं, खेड्यातली लेकरं, लाजतात. त्या हसल्या, आपल्या हाताला हळद चोळली आणि परातीत बुडवून लालभडक हात सगळ्यांना दाखवला. एकामागून एक पोरांनी आपापली दप्तरं जवळ ओढली. पुजा उठून सरांच्या टेबलापाशी आली आणि हळूच विचारलं, "सर, मॅडमची पिशवी बघायची का?"

मॅडमना काही उमगेना. त्यांनी सरांना म्हटलं, की सर, तुम्ही सांगा ना यांना, हे कशामुळं होतं ते. आणि मग सरांना सांगावंच लागलं. हळदीत एक रंगद्रव्य असतं, चुना किंवा साबण अशा पदार्थाशी संबंध आला की ते लाल होतं, ज्याच्या हाताला हळद असेल त्याचा हात लाल होणारच, त्यात दुसरं काही नसतं. अगदी सोपं करून, उदाहरण देऊन, पंधरा दिवस उशिरा त्यांनी ते सांगितलं. मॅडमनी मान डोलावली. पोरांनी वहीत लिहून घेतलं.

लिहून झाल्यावर सपनानं मान वर केली. तिच्या शेजारची जागा अजून रिकामी होती. "सर, मंग शिला?"

"शिला कोण?" मॅडमनी विचारलं.

सरांनी हजेरीपट उघडला, जणू नाव शोधायलाच हवं होतं. "होती तांड्यावरची एक मुलगी. हुशार होती. ऊसतोडीला घेऊन गेले." त्यांनी हजेरीपट मिटला. "मी फार प्रयत्न केला मॅडम, तीन वेळा घरी गेलो. पण या लोकांना शिक्षणाची किंमत नाही."

मॅडमनी हळहळून मान हलवली. हे वाक्य त्यांनी बऱ्याच शाळांत ऐकलं होतं. ओल्या लाल बोटांनी पेन धरून त्यांनी ते अहवालात सरांच्या नावासकट लिहून घेतलं.